चेहऱ्याची सैल त्वचा आणि रेडिओफ्रिक्वेन्सी उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करताना चेहऱ्याच्या सैल पडलेल्या त्वचेविषयी जे प्रश्न रुग्ण तपासणीच्या खोलीत आणि नंतर मोबाईलवर पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुई, टाका किंवा छेद न देता, केवळ त्वचेवरून हँडपीस, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, फिरवून केल्या जाणाऱ्या रेडिओफ्रिक्वेन्सी उपचारांपुरताच हा विचार आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आर.एफ. स्किन टाइटनिंग म्हणजे चेहऱ्याला नेमके काय करतात?

आर.एफ. हे रेडिओफ्रिक्वेन्सीचे लघुरूप आहे. अतिशय वेगाने दिशा बदलणारा, म्हणजे उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह हँडपीसमधून त्वचेत सोडला जातो. त्वचा आणि तिच्याखालचे थर त्या प्रवाहाला विरोध करतात आणि त्या विरोधातूनच उष्णता उत्पन्न होते. इस्त्रीतील तार तापते त्याच तत्त्वावर ही उष्णता आतल्या थरातच तयार होत असल्याने वरचे कातडे गार ठेवून खालचा थर तापवणे शक्य होते.

तंत्र मुळात नवे नाही. विल्यम बोव्ही यांनी तयार केलेले विद्युत-शस्त्रक्रियेचे यंत्र हार्वे कुशिंग यांनी १९२६ साली बॉस्टनमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले, आणि आज प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये दिसणारी कॉटरी ही त्याच यंत्राची वंशज आहे. कॉटरीत ऊर्जा टोकाशी एकवटते आणि ऊती कापली जाते. चेहऱ्यावर तीच ऊर्जा रुंद पृष्ठभागावर पसरवून मोजकी उष्णता दिली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने थर्माज या यंत्राला २००२ मध्ये डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी आणि २००४ मध्ये संपूर्ण चेहऱ्यासाठी मान्यता दिली. त्यानंतर अनेक कंपन्यांची यंत्रे आली.

२. नावातच रेडिओ आहे, मग हे रेडिएशन झाले ना? कॅन्सर होणार नाही का? आणि शॉक?

क्ष-किरणांमध्ये अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे करण्याइतकी ऊर्जा असते आणि त्यामुळे पेशींतील जनुकीय द्रव्याला इजा होऊ शकते. रेडिओ लहरींमध्ये तेवढी ऊर्जा नसते. त्या फक्त ऊती तापवतात. आकाशवाणीची मीडियम वेव्ह केंद्रे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या पट्ट्यात ऐकू येतात आणि चेहऱ्यासाठीची अनेक यंत्रे १ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्याच पट्ट्यात काम करतात. थर्माज ६.७८ मेगाहर्ट्झवर चालते. या उपचारातील खरी जोखीम उष्णतेची, म्हणजे भाजण्याची आहे (प्रश्न १२ पाहा).

शॉकचे म्हणाल, तर घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि त्या गतीला स्नायू व मज्जातंतू प्रतिसाद देतात, म्हणून झटका बसतो. सेकंदाला लाखो आवर्तने करणाऱ्या प्रवाहाला ते प्रतिसाद देऊ शकत नाहीत. फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोंव्हाल यांनी ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिली होती.

३. मी अजून पंचेचाळिशीचीही नाही, तरी गाल ओघळल्यासारखे का दिसतात?

त्वचेच्या मधल्या थराला, ज्याला डर्मिस म्हणतात, ताठपणा देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजन आणि ताणून सोडल्यावर पूर्ववत करणारे प्रथिन म्हणजे इलॅस्टिन. तारुण्य ओसरू लागल्यापासून कोलॅजन दर वर्षी थोडे थोडे कमी होत जाते. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ही घट एकदम वेग घेते आणि त्या काळात त्वचेतील सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होते असे मानले जाते. याशिवाय गालांतील चरबी झिजते आणि खाली सरकते, चेहऱ्याची हाडेही काही प्रमाणात झिजतात, त्यामुळे त्वचेखालचा आधारच कमी होतो.

आपल्याकडे यात उन्हाची मोठी भर पडते. सोलापुरात मे महिन्यात पारा सहज ४० अंशांच्या वर जातो. तापमान आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे, पण जानेवारीच्या गार हवेतही येथे लख्ख ऊन असते आणि दुचाकीवर हिंडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ते बारा महिने पडते. सिगारेट आणि बिडीच्या धुरानेही कोलॅजन लवकर तुटते. अचानक वजन घटणे हे आणखी एक कारण आहे. त्याविषयी प्रश्न १७ मध्ये लिहिले आहे.

४. उष्णतेने कातडी घट्ट कशी होते? उलट भाजून सैल नाही का पडणार?

सोलापूरच्या माणसाला हे कापडाच्या भाषेत सांगता येते. कोरे सुती कापड पहिल्या धुण्याला गरम पाण्यात घातले की आटते. कोलॅजनचा प्रत्येक रेणू तीन पदर एकमेकांभोवती पिळून केलेल्या सुतासारखा असतो. तो साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापला की पदरांना धरून ठेवणारे काही बंध सुटतात आणि तंतू आखडतो. उपचारानंतर लगेच जो थोडा ताण जाणवतो, त्यात या आखडण्याचा वाटा असतो आणि सुजेचाही असतो.

कापडाची उपमा येथे संपते, कारण कापड आटल्यावर स्वतःहून नवे सूत विणत नाही आणि त्वचा विणते. तापलेल्या तंतूंना शरीर इजा समजते आणि फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी नवे कोलॅजन तयार करू लागतात. हे काम तीन ते सहा महिने चालते. उपचाराचा जो काही खरा परिणाम आहे तो बहुतांशी या दुसऱ्या टप्प्याचा आहे आणि तो घाईने मिळवता येत नाही.

त्वचेचा वरचा थर मात्र भाजू द्यायचा नसतो. काही यंत्रे ऊर्जा एकेका झटक्यात, म्हणजे शॉटमध्ये देतात आणि प्रत्येक शॉटच्या आधी व नंतर गार फवारा मारतात. काहींमध्ये हँडपीस सतत फिरता ठेवून वरच्या त्वचेचे तापमान ४० ते ४३ अंशांच्या दरम्यान काही मिनिटे राखले जाते.

५. मोनोपोलर, बायपोलर, मल्टिपोलर म्हणजे काय? कोणते घ्यावे?

मोनोपोलर यंत्रात एक इलेक्ट्रोड, म्हणजे प्रवाह जेथून त्वचेत जातो किंवा परत येतो तो भाग, हँडपीसमध्ये असतो आणि दुसरा, म्हणजे परतीची प्लेट, पाठीवर किंवा मांडीवर चिकटवलेली असते. प्रवाह या दोहोंमधून जात असल्याने उष्णता खोलवर पोहोचते. बायपोलर यंत्रात दोन्ही इलेक्ट्रोड हँडपीसमध्येच शेजारी शेजारी असतात आणि उष्णतेची खोली त्या दोघांतील अंतराच्या साधारण निम्मी असते. मल्टिपोलर हा त्याचाच विस्तार आहे. इलेक्ट्रोड तीन किंवा अधिक असतात.

माझ्या मते रुग्णाने यंत्राच्या प्रकारावर फार अडून राहू नये. जबड्याच्या रेषेवरील ओघळीसाठी खोल जाणारे मोनोपोलर अधिक उपयोगी पडते, तर डोळ्यांभोवतीच्या पातळ त्वचेसाठी उथळ उष्णता पुरते. परंतु तेच यंत्र दोन वेगवेगळ्या हातांत दोन वेगवेगळे परिणाम देते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

६. माझ्या चेहऱ्याला याचा उपयोग होईल की नाही, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो पैसे भरण्याच्या आधी विचारला जावा अशी माझी मनापासून इच्छा असते. ज्यांची त्वचा सौम्य ते मध्यम सैल झाली आहे, जबड्याची रेषा पुसट होऊ लागली आहे पण कातडी लोंबत नाही, आणि ज्यांचे वय साधारण पस्तीस ते साठच्या दरम्यान आहे, त्यांना उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. गळ्याशी कातडीचा पडदा लोंबू लागला असेल किंवा हनुवटीखाली मुख्यतः चरबीच असेल, तर हा उपचार निराश करतो. तेथे प्लास्टिक सर्जनचा सल्ला घेणेच योग्य.

घरी एक गोष्ट करून पाहावी. पाठीवर उताणे झोपून हातातील आरसा चेहऱ्यासमोर वर धरावा. गुरुत्वाकर्षणाने गाल कानांकडे सरकतात आणि चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसतो. मध्यंतरी एका शिक्षिकेने मला तपासणीच्या टेबलावर अशीच पडून, आरशाकडे बोट दाखवून सांगितले, “डॉक्टर, मला एवढंच हवंय.” तो आरशातला बदल शस्त्रक्रियेचा आहे. आर.एफ. त्याचा छोटा हिस्सा देते, आणि तो हिस्सा आपल्याला पुरेसा वाटेल का हे प्रत्येकाने आधी स्वतःशी ठरवावे. मी त्या बाईंना तसे स्पष्ट सांगितले; त्यांनी विचार करून चार महिन्यांनी उपचार घेतला आणि मोजक्या सुधारणेवर त्या समाधानी राहिल्या.

७. माझा रंग सावळा आहे. लेझरने एकीला काळे डाग पडलेले पाहिले आहेत. यानेही पडतील का?

लेझर आणि आयपीएल ही प्रकाशाची साधने आहेत आणि त्यांतील अनेक तरंगलांबींचा प्रकाश त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य शोषून घेते, म्हणून सावळ्या त्वचेवर ती फार जपून वापरावी लागतात. रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता रंगद्रव्यावर अवलंबून नसते. विद्युतप्रवाहाला त्वचेच्या रंगाचा फरक कळत नाही. त्यामुळे आपल्याकडील बहुतेकांच्या त्वचेसाठी, म्हणजे फिट्झपॅट्रिक वर्गीकरणातील चौथ्या आणि पाचव्या प्रकारासाठी, हा उपचार तुलनेने सुरक्षित आहे.

दोन अपवाद लक्षात ठेवावेत. चुकून भाजले तर त्या जागी सावळ्या त्वचेवर काळा डाग राहतोच आणि तो जायला महिने लागतात. दुसरे, ज्यांना वांग आहे त्यांचा वांग उष्णतेने गडद होऊ शकतो. अशा रुग्णांचा वांग आधी आटोक्यात आणून, मगच आणि कमी उष्णतेवर मी हा उपचार करते.

८. उपचाराच्या दिवशी काय काय होते? मंगळसूत्र आणि जोडवी काढावी लागतात का?

चेहरा धुऊन पावडर, काजळ व क्रीम पूर्ण काढले जाते. पुरुषांनी त्याच दिवशी गुळगुळीत दाढी करून यावे, कारण खुंटांमुळे टिप, म्हणजे हँडपीसचे टोक, त्वचेला नीट टेकत नाही. मग समोरून, दोन्ही तिरक्या बाजूंनी आणि दोन्ही कडांनी छायाचित्रे काढली जातात. ती काढली नाहीत तर आपण मागून घ्यावीत, कारण तीन महिन्यांनी आपला जुना चेहरा आपल्यालाच आठवत नाही.

शॉट देणाऱ्या यंत्रात चेहऱ्यावर निळसर चौकटींची जाळी छापतात, भूमितीच्या वहीसारखी, म्हणजे कोणती जागा झाली व कोणती राहिली हे कळते. वरून वाहक द्रव लावतात. टिप टेकली की क्षणभर गार, मग हाडाजवळ जाणवणारी खोल ऊब, आणि पुन्हा गार असा क्रम चालतो. टिप सपाट टेकणे फार महत्त्वाचे असते. ती एका कडेवर कलली तर प्रवाह त्या कडेशी एकवटतो आणि तेवढीच जागा भाजते. जबड्याच्या हाडावर वळण येते तेथे मी सर्वांत सावकाश काम करते. सतत फिरणाऱ्या हँडपीसमध्ये जाळी नसते. गरम जेलने मालीश केल्यासारखे वाटते. संपूर्ण चेहऱ्याला यंत्रानुसार अर्धा तास ते दीड तास लागतो. पापण्यांवर काम करायचे असेल तर डोळ्यात प्लास्टिकचे संरक्षक कवच बसवतात. ते धातूचे नसावे.

चेहरा, कान, नाक, गळा आणि परतीची प्लेट जेथे लावायची त्याजवळचा सर्व धातू काढावाच लागतो. मंगळसूत्र काढणे अनेकींना जड जाते हे मला ठाऊक आहे. उपचारापुरते ते सोबत आलेल्या सासूबाईंच्या किंवा बहिणीच्या हाती द्यावे, पण गळ्यात ठेवून उपचार घेऊ नये. जोडवी प्रवाहाच्या वाटेत येत नाहीत. सहज निघत असतील तर काढावीत, निघत नसतील तर तसे सांगावे.

९. फार दुखते का? सुन्न करण्याची क्रीम लावून घेता येईल का?

सतत फिरणाऱ्या यंत्रांत सहसा फक्त उष्ण वाटते. शॉट देणाऱ्या मोनोपोलर यंत्रात कपाळ आणि जबड्याच्या हाडावर काही शॉट चटका दिल्यासारखे लागतात. सुन्न करण्याची क्रीम लावण्याचा आग्रह रुग्णाने धरू नये, कारण “आता जास्त लागते आहे” हे रुग्णाचे शब्द म्हणजे भाजण्यापूर्वीचा इशारा असतो. सुरुवातीच्या काळात एकाच फेरीत जास्त ऊर्जा देण्याची पद्धत होती. तिच्यात वेदना अधिक होत्या आणि काहींच्या गालावर चरबी झिजून खड्डेही पडले. आता कमी ऊर्जेच्या अनेक फेऱ्या देतात आणि रुग्णाला सोसवेल त्यानुसार पातळी ठरवतात. सहन करून गप्प राहू नये. आपल्याकडच्या बायका फार सोसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

१०. किती सिटिंग लागतात आणि मुलीच्या लग्नापर्यंत फरक दिसेल का?

जास्त ऊर्जेच्या मोनोपोलर यंत्रावर बहुधा एकच सिटिंग पुरते. कमी ऊर्जेच्या यंत्रांवर एक ते चार आठवड्यांच्या अंतराने चार ते सहा सिटिंग घ्याव्या लागतात. कोलॅजन तयार व्हायला लागणारा काळ (प्रश्न ४) लक्षात घेता लग्नाच्या आधी किमान चार, शक्यतो सहा महिने उपचार पूर्ण झालेला असावा. मुहूर्त वैशाखातला असेल तर दिवाळीच्या सुमारास सुरुवात करावी. लग्नाला तीन आठवडे उरले असताना जो “इन्स्टंट लिफ्ट” म्हणून विकला जातो, त्यात सूजच अधिक असते.

११. परिणाम किती काळ टिकतो?

नवे कोलॅजनही पुढे झिजतच राहते, त्यामुळे परिणाम कायमचा नसतो. बहुतेकांत तो साधारण एक ते दोन वर्षे जाणवतो. उन्हापासून संरक्षण, धूम्रपान न करणे आणि स्थिर वजन यांनी तो लांबतो. उपचार थांबवल्यास चेहरा पूर्वीपेक्षा अधिक सैल पडतो ही समजूत चुकीची आहे.

१२. दुष्परिणाम कोणते? केव्हा घाबरावे?

काही तास लाली आणि एक-दोन दिवस हलकी सूज येणे सामान्य आहे. जबड्याला हात लावल्यास काही दिवस दुखरे वाटू शकते. क्वचित त्वचेखाली छोटी गाठ लागते आणि काही आठवड्यांत विरते, किंवा एखाद्या भागात बधिरपणा येतो आणि सहसा निघून जातो.

फोड येणे, पांढरट किंवा तपकिरी चट्टा उमटणे, वाढत जाणारी वेदना ही भाजल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी टूथपेस्ट, शाई किंवा हळद न लावता त्या जागेवर साधे गार पाणी सोडावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. काही आठवड्यांनी गालात खळगा दिसू लागला तर ती चरबी झिजल्याची खूण असते. ही दुर्मीळ पण चिवट गुंतागुंत आहे. आधीच कृश असलेल्या चेहऱ्यावर मी जास्त ऊर्जा वापरत नाही, ती याच कारणाने.

१३. कोणी हा उपचार अजिबात घेऊ नये?

हृदयात पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवलेल्यांनी घेऊ नये, कारण प्रवाहामुळे त्या यंत्रात बिघाड होऊ शकतो. गर्भवतींनी पुढे ढकलावा. चेहऱ्यावर जिवाणूंचा संसर्ग, ओठांवरील नागीण किंवा उघडी जखम असताना घेऊ नये. नागीण वारंवार येत असेल तर आधी औषध सुरू करावे लागते. त्या भागात त्वचेचा कॅन्सर असल्यास घेऊ नये. ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मासारखे आजार असल्यास सहसा टाळतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर निर्णय त्वचारोगतज्ज्ञावर सोडावा.

मधुमेह हा अडसर नाही, परंतु साखर आटोक्यात हवी. मधुमेहाने त्वचेची संवेदना मंदावली असेल तर प्रश्न ९ मधील इशारा वेळेवर मिळत नाही, हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

१४. दातांना धातूची कॅप आहे, गुडघा बदललेला आहे, चालेल का?

दातांच्या कॅप, तार किंवा इम्प्लांटमुळे उपचार सहसा नाकारला जात नाही, पण गालाच्या खालच्या भागात दात शिवशिवू शकतात. त्यासाठी गाल आणि दात यांच्यामध्ये ओला गॉझ ठेवतात. जबड्यात अपघातानंतर प्लेट व स्क्रू बसवले असतील तर त्या जागेवरून मी हँडपीस फिरवत नाही. गुडघा किंवा खुबा बदललेला असल्यास बायपोलर यंत्राने फरक पडत नाही, कारण प्रवाह चेहऱ्यातच राहतो. मोनोपोलरमध्ये परतीची प्लेट त्या सांध्यापासून दूर लावावी लागते. शरीरात कोठेही धातू असेल तर तो फॉर्मवर लिहावा, “चेहऱ्याशी त्याचा काय संबंध” असे समजून गाळू नये.

१५. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. त्यावरून मशीन फिरवले तर?

आपल्या भागातील अनेक आजी-मावश्यांच्या आणि काही तरुण मुलींच्याही चेहऱ्यावर गोंदण असते. गोंदणाच्या रंगात काय मिसळले होते हे क्वचितच कळते आणि त्या जागी उष्णता असमान होण्याची शक्यता राहते, म्हणून गोंदण सोडून भोवतीने काम करावे. भुवयांच्या कायम रंगालाही हाच नियम लागू आहे.

१६. बोटॉक्स किंवा फिलर घेतले आहे. आर.एफ. आधी की नंतर?

दोन्ही घ्यायचे ठरले असेल तर आर.एफ. आधी करावे. आधीच इंजेक्शन झाले असेल तर किमान दोन आठवडे थांबणे बरे. हायल्युरॉनिक आम्लाच्या फिलरवर या उष्णतेचा फारसा परिणाम होत नाही असे दिसते, परंतु सिलिकॉनसारखे कायमस्वरूपी द्रव्य भरले असेल तर त्या भागावर हा उपचार टाळावा. कोणते फिलर भरले हे माहीत नसेल तर ज्या ठिकाणी घेतले तेथून नाव लिहून आणावे.

१७. वीस किलो वजन कमी केले आणि चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसू लागला. यावर हे चालेल का?

थोडेसेच. वजन झपाट्याने घटल्यावर चेहऱ्यातील चरबीची भर निघून जाते आणि त्वचा रिकामी पडते. आर.एफ. त्वचा थोडी आवळते, भर देत नाही. वजन किमान चार ते सहा महिने स्थिर राहिल्यावरच निर्णय घ्यावा. तोपर्यंत त्वचा स्वतःहूनही काही प्रमाणात सावरते, विशेषतः तरुणांमध्ये.

१८. हायफू आणि सुयांचे आर.एफ. यांच्यात आणि यात काय फरक आहे? सगळे एकच सांगतात.

हायफूमध्ये ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटतात आणि साडेचार मिलिमीटरपर्यंत खोल असलेल्या, स्नायूंवरील आवरणाच्या थरात बारीक तापबिंदू निर्माण करतात. आर.एफ.ची उष्णता अशा बिंदूंमध्ये नसून पसरट असते.

सुयांचे आर.एफ., ज्याला मायक्रोनीडलिंग आर.एफ. म्हणतात, ते नावाने जवळचे असले तरी त्वचेला छेद देणारे आहे. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी ते मी वापरते, पण त्याची जोखीम वेगळी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याबाबत भाजणे, व्रण, चरबी झिजणे आणि मज्जातंतूंना इजा होणे अशा तक्रारींचा उल्लेख करून सावधगिरीची सूचना काढली. कोणी “आर.एफ. करू” म्हटले तर सुयांचे की बिनसुयांचे, हा पहिला प्रश्न विचारावा.

१९. खर्च एवढा कमी-जास्त का असतो? विम्यात मिळतो का?

शॉट देणाऱ्या मोनोपोलर यंत्राची टिप एका रुग्णापुरतीच असते. तिच्यात ठरावीक शॉट भरलेले असतात आणि ते संपले की यंत्र ती टिप स्वीकारत नाही. खर्चाचा मोठा भाग या टिपचा असतो. म्हणून फारच स्वस्त दर ऐकला की टिप नवी आहे का, ते विचारावे आणि तिचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही. मी स्वतः रुग्णाच्या हातात पाकीट देऊन मगच ते फोडते. सतत फिरणाऱ्या यंत्रांना अशी टिप लागत नसल्याने एक सिटिंग स्वस्त पडते, पण सिटिंग अनेक घ्यावी लागतात. तुलना एकूण रकमेची करावी.

हा सौंदर्योपचार असल्याने आरोग्य विम्यात तो येत नाही. वैद्यकीय सेवांना असलेली जीएसटीची सूटही सौंदर्योपचारांना सहसा मिळत नाही, तेव्हा सांगितलेल्या रकमेत कर धरला आहे का, ते आधी विचारून पावती घ्यावी.

२०. ओळखीच्या पार्लरमध्ये निम्म्या दरात करतात. तेथे करून घेतले तर बिघडते कुठे?

यंत्र चालवण्याचे बटण कोणालाही दाबता येते; वांग, पेसमेकर, नागीण आणि कृश चेहरा ओळखण्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागते. काही महिन्यांपूर्वी एक पन्नाशीच्या बाई दोन्ही गालांवर बोटाच्या पेराएवढे चौकोनी काळे डाग घेऊन माझ्याकडे आल्या. डागांचा आकार टिपच्या आकारासारखा होता, म्हणजे टिप कलती धरली गेली होती किंवा द्रव वाळला होता. त्यांना यंत्राचे नाव सांगता आले नाही, पावती नव्हती आणि आधीचे छायाचित्रही नव्हते. डाग फिकट व्हायला आठ महिने लागले.

उपचार करणारी व्यक्ती एम.डी. किंवा डी.डी.व्ही. झालेली त्वचारोगतज्ज्ञ अथवा प्रशिक्षित प्लास्टिक सर्जन असावी. तिचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक पाटीवर किंवा चिठ्ठीवर असतो, तो पाहावा. हँडपीस सहायक धरणार असेल तर डॉक्टर खोलीत असतील का, हेही विचारावे. पैसे खर्च न करता नुसता सल्ला हवा असेल तर शासकीय रुग्णालयाच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात जावे.

२१. ऑनलाइन मिळणारे घरगुती मशीन घेतले तर?

घरगुती यंत्रांची शक्ती सुरक्षिततेसाठी मुद्दाम कमी ठेवलेली असते. आठवड्यातून अनेकदा, महिनोन्‌महिने नियमाने वापरल्यास बारीक सुरकुत्यांत थोडा फरक पडू शकतो. ओघळलेल्या जबड्यात पडत नाही. प्रश्न १३ मधील मनाई घरच्या यंत्रालाही तशीच लागू आहे आणि घरातील एकाचे यंत्र दुसऱ्याने वापरताना ती सहसा विसरली जाते.

२२. नंतर काय पथ्य पाळावे? हळद, उटणे, वाफ चालते का?

कामावर त्याच दिवशी जाता येते. दोन-तीन दिवस गरम वाफ, उटणे, स्क्रब, ब्लीच आणि फेशियल टाळावे; हळद-दही हे घरगुती असले तरी तापलेल्या त्वचेवर चुरचुरते. तव्याची धगही याच सदरात येते. कडक भाकरीचा व्यवसाय करणाऱ्या भगिनींनी शक्य असल्यास दोन दिवस भाजण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे. साधे मॉइश्चरायझर आणि एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक सनस्क्रीन पुरते, पण दुपारी ते पुन्हा लावावे लागते. संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत दिवसभर उन्हात चालायचे असेल तर उपचार यात्रेनंतरच ठेवावा. रेटिनॉल असलेली क्रीम उपचाराच्या दोन-तीन दिवस आधी बंद करून लाली पूर्ण गेल्यावर सुरू करावी.

२३. सहा महिने झाले आणि काहीच फरक वाटत नाही. आता पुन्हा करावे का?

प्रथम आधीची छायाचित्रे आणि आजची छायाचित्रे त्याच प्रकाशात, त्याच कोनातून, चेहऱ्यावर हसू न आणता शेजारी ठेवून पाहावीत. बदल हळूहळू होत असल्याने तो रोजच्या आरशात निसटतो, आणि अनेकांना छायाचित्र पाहिल्यावरच तो दिसतो. छायाचित्रांतही फरक नसेल, तर काही जणांची त्वचा या उपचाराला प्रतिसादच देत नाही हे मान्य करावे लागते. जुने ऊन लागून इलॅस्टिन फार खराब झालेल्या, दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या किंवा साठी बरीच ओलांडलेल्या व्यक्तींमध्ये असे अधिक दिसते. अशा वेळी तोच उपचार त्याच यंत्रावर पुन्हा घेण्याचा सल्ला मी देत नाही. कपाळाच्या आडव्या रेषांचीच खंत असेल तर बोटॉक्स, गालांची भर गेली असेल तर फिलर, आणि कातडीच जास्त असेल तर शस्त्रक्रिया, असा विचार करावा लागतो. “आणखी दोन सिटिंग घ्या, मग दिसेल” असे कोणी म्हटले, तर कोणत्या आधारावर ते त्यांनी आपल्याच छायाचित्रांवर बोट ठेवून दाखवावे, अशी मागणी करावी.